जुनी गाडी घेताना ‘फिटनेस’ची तारीख काय सांगते आणि काय सांगत नाही

सेकंड हँड गाडीचा सौदा रंगात आला की विकणारा मोबाइल पुढे करतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकलेला असतो आणि त्यात एक ओळ असते: फिटनेस २०३४ पर्यंत वैध. “बघून घ्या भाऊ, सरकारी ॲप आहे. अजून कितीतरी वर्षं पाहायचं काम नाही.” घेणाऱ्यालाही हायसं वाटतं. कुणीतरी ही गाडी तपासली असेल, ब्रेक दाबून पाहिले असतील आणि २०३४ पर्यंत पास केली असेल, असं तो धरून चालतो.

घरच्या वापराच्या गाडीच्या बाबतीत तसं काहीही झालेलं नसतं.

फिटनेस हा शब्द सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. नोंदणी नूतनीकरणाची फी वाढली, स्वयंचलित तपासणी केंद्रं येऊ लागली, जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नागपूरचेच खासदार, त्यामुळे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही त्याची चर्चा जरा जास्तच. पण या चर्चेत मूळ गोष्ट मागे राहते. आपल्या देशात खासगी गाडीच्या सुरक्षा तपासणीचा इतिहास बघायचा म्हटलं, तर पहिली १५ वर्षं बहुधा बघायला काही नसतंच.

कायद्याच्या लेखी फिटनेस म्हणजे काय

मोटार वाहन कायदा गाड्यांच्या दोन जाती करतो. भाड्याने चालणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या त्या परिवहन वाहनं, म्हणजे आपल्या बोलीत पिवळ्या पाटीच्या. घरच्या वापराच्या त्या बिगर-परिवहन, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या.

पिवळ्या पाटीच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं. नव्या गाडीला ते २ वर्षांचं मिळतं, मग गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. म्हणजे दहा वर्षं चाललेली टॅक्सी किंवा छोटा हत्ती तपासणीच्या मैदानात बऱ्याचदा जाऊन आलेला असतो.

पांढऱ्या पाटीचं गणित वेगळं. तिची नोंदणीच १५ वर्षांची असते आणि ॲपवर फिटनेसपुढे दिसणारी तारीख म्हणजे त्याच नोंदणीची मुदत. गाडी २०१९ मध्ये पासिंग झाली, तर तिथे २०३४ दिसणार. मधल्या काळात तिचा अपघात होवो, ती पुरात बुडो, तिचे ब्रेक लायनर संपून लोखंड लोखंडाला घासो, तारीख जागची हलत नाही. हल्ली तर नवी तयार गाडी पासिंगसाठी आरटीओच्या मैदानात न्यायचीही गरज उरलेली नाही. शाळेचं बोनाफाईड आणि गुणपत्रिका यांत जो फरक, तोच इथे आहे. मुलगा शाळेत आहे एवढं बोनाफाईड सांगतं, गणितात किती पडले ते सांगत नाही.

ब्रिटनमध्ये कार ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची असते आणि नुसता नंबर टाकला की आजवर कधी पास, कधी नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल, हे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. यूट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच असेल, असं पुष्कळांना वाटतं. आपल्याकडचं ॲप मालक, पासिंगची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, कर्ज अशी ओळख देतं. तपासणीत काय निघालं, हे ते सांगत नाही. मालकाचं नाव आणि चेसिस नंबरही अर्धवट झाकलेला असतो.

पीयूसी तर दरवर्षी होते ना?

होते, पण ती धुराची. नव्या गाडीला पहिलं एक वर्ष लागत नाही, पुढे भारत स्टेज (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) ४ आणि ६ च्या गाड्यांना वर्षाचं आणि त्याहून जुन्यांना सहा महिन्यांचं प्रमाणपत्र मिळतं. पंपाशेजारच्या व्हॅनमधला पोरगा नळी सायलेन्सरमध्ये घालतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि कागद देतो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या कागदाचा एक आडवळणी उपयोग मात्र आहे. मधली दोन-तीन वर्षं पीयूसीच नसेल, तर गाडी तेवढा काळ उभी होती का, हे विचारता येतं. उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा चांगली असेलच असं नाही. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रबर, होज पाइप आणि टायर उभ्याउभ्याच कडक होतात.

पंधरा वर्षांचा उंबरठा

खासगी गाडीची पहिली खरी सरकारी तपासणी नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर होते. गाडी दाखवावी लागते आणि पास झाली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये आणि मोटारसायकलसाठी ३०० वरून १,००० रुपये झाली. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये जास्तीचे. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर.

त्यामुळे १४ वर्षांची गाडी स्वस्तात मिळतेय असं दिसलं, की विकणारा वर्षभराने येणारा खर्च हळूच आपल्या गळ्यात टाकतोय, हे ओळखावं. रकमेपेक्षाही प्रश्न पास होण्याचा असतो. खालचा पत्रा सडलेला, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या, हँडब्रेक नावापुरता, अशी गाडी मैदानात न्यायच्या लायकीची करायलाच बराच पैसा जातो. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा तर आहेच, शिवाय नेमकी तेव्हा धडक झाली तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

उलट नूतनीकरण नुकतंच झालेलं असेल, तर त्या गाडीवर निदान एकदा तरी सरकारी माणसाची नजर पडलेली असते. तपासणी स्वयंचलित केंद्रात झाली असेल तर चाचणीचा अहवाल मागून घ्या. तिथे चाकं रोलरवर चढवून ब्रेक मोजतात, हेडलाइटचा झोत आणि धूर यंत्राने तपासतात. निरीक्षकाच्या अंदाजापेक्षा हे आकडे कामाचे. तेही त्या दिवसापुरतेच, एवढं लक्षात ठेवावं.

आधी टॅक्सी होती का?

पिवळ्या पाटीची गाडी कागदोपत्री पांढऱ्या पाटीची करून घेता येते आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवणं. विकणारा म्हणतो, “डॉक्टर साहेबाची होती, फक्त दवाखान्यात जायची,” आणि मागच्या सीटचं फोम मात्र पार बसलेलं. जुन्या विमा पॉलिसी मागा. घरची गाडी असेल तर पॉलिसी प्रायव्हेट कारची असते. टॅक्सी असेल तर प्रवासी वाहतुकीची, आणि ते पॉलिसीच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं. अशा गाडीचे फिटनेसचे जुने कागद मात्र असतात. मालकाने ते जपून ठेवले असतील, तर खऱ्या अर्थाने तपासणीचा इतिहास असलेली गाडी तीच. भाव पाडून मागायला हरकत नाही, पण टॅक्सी होती एवढ्यावरून लगेच नाक मुरडू नये, असं माझं मत आहे.

मग खासगी गाडीचा इतिहास काढायचा कुठून?

सरकारने लिहिलेला नाही, तर इतरांनी लिहून ठेवलेला गोळा करायचा. तीन जागा कामाच्या.

पहिली, सर्व्हिस सेंटर. कंपनीच्या अधिकृत सेंटरमध्ये झालेली प्रत्येक सर्व्हिस तारीख आणि किलोमीटरसह संगणकात असते आणि ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेंटरमध्येही बहुधा दिसते. मालकाला सोबत घ्या, वर्धा रोडला किंवा कामठी रोडला जे जवळ पडेल तिथे जा आणि त्याच्यासमोर हिस्ट्री काढायला सांगा. किलोमीटर पाठीमागे फिरवले असतील तर ते इथे पकडले जातात. २०२१ च्या सर्व्हिसला ७२,००० आणि आज मीटरवर ५८,००० असेल, तर पुढे बोलायचं काम नाही. पण किलोमीटरपेक्षा कामाचं सदर वाचा. ब्रेक पॅड कधी बदलले, स्टिअरिंगचं काही काम निघालं होतं का, आणि मुख्य म्हणजे बॉडी शॉपची नोंद आहे का. बंपर रंगवला हे गल्लीतलं खरचटणं. समोरचा क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी), रेडिएटर आणि एअरबॅग एकाच बिलात बदलले असतील तर तो अपघात.

दुसरी जागा विमा पॉलिसी. इथे एक आकडा असा आहे की त्याची खबर विकणाऱ्यालाही बहुधा नसते. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ही सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी चढते. क्लेम केला की शून्यावर येते. आता समजा, गाडी सात वर्षांची, मालक पहिलाच, विमा एकदाही खंडित नाही आणि यंदाच्या पॉलिसीवर बोनस २० टक्के. म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी क्लेम झालाय. कशाचा, किती रकमेचा, बिल दाखवा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दोन पळवाटा ध्यानात ठेवा: बोनस वाचवणारं जोडकलम घेतलेलं असू शकतं, आणि मालक मध्येच बदलला असेल तर बोनस तसाही नव्याने सुरू होतो, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी पाहिल्या की चित्र बरंच स्पष्ट होतं.

तिसरी जागा कंपनीचं रिकॉल. एखाद्या बॅचच्या गाड्यांत ब्रेकचा भाग किंवा एअरबॅगचा इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) सदोष निघाला, तर कंपनी त्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून देते. मालकाने पत्राकडे दुर्लक्ष केलं की दोष गाडीत राहतो आणि गाडीबरोबर तुमच्या घरी येतो. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून हे तपासता येतं. नाहीतर सर्व्हिस सेंटरमध्ये हिस्ट्री काढतानाच विचारा. मालक नंतर बदलला तरी हे काम फुकटच होतं.

पुरातली गाडी

यावर जरा जास्त लिहितो, कारण हा नागपूरचा खास विषय आहे. २२ सप्टेंबर २०२३ ची मध्यरात्र उलटली आणि पावसाने काही तासांतच १०० मिलिमीटरचा पल्ला ओलांडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत पाणी घरांत शिरलं. पोर्चमधल्या आणि तळघरातल्या गाड्या सीटच्या वरपर्यंत बुडाल्या. त्यांतल्या काही दुरुस्त झाल्या आणि मालकांकडेच राहिल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसान धरते आणि सांगाडा लिलावात जातो. लिलावातली प्रत्येक गाडी भंगारातच जाते, असं नाही.

बुडालेली गाडी आतून धुऊन, सीट कव्हर टाकून, सुगंधी बाटली लावून दोन दिवसांत नव्यासारखी दिसते. पाणी नुकसान करतं ते वायरिंगचं, आणि तेही सावकाश. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतं आणि त्याचे कनेक्टर पुढच्या सीटखाली. तिथे गंज धरला तर ऐन वेळी एअरबॅग फुटणार नाही.

पकडायचं कसं? ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पार थांबेपर्यंत. रोज वापरात येणारा वरचा भाग लोक घासून धुतात, पण गुंडाळीतला शेवटचा हातभर पट्टा तसाच राहतो. त्यावर पिवळट मातीची रेघ किंवा भुरकट डाग दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. मग डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोबणीत बोट फिरवा, सीटच्या रुळांवरचे आणि पेडलच्या वरचे स्क्रू टॉर्चने बघा. कार्पेटची कड उचलून नाक लावायला लाजू नका. एसी चालू केल्यावर पहिल्या मिनिटाला कुबट वास येतो का, तेही बघा. विम्याच्या क्लेमची तारीख सप्टेंबर किंवा ऑक्टोबर २०२३ निघाली, तर मग जास्त विचारायचीही गरज नाही.

“आपला मेकॅनिक आहे ना, तो बघून घेईल”

न्यावाच. फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको आणि नुसतं इंजिन ऐकून “टकाटक आहे” म्हणणारा नको. आपल्याकडे गाडी बघणं म्हणजे इंजिन, एसी आणि ॲव्हरेज. सुरक्षेच्या गोष्टी कुणी बघत नाही, म्हणून त्या तुम्ही स्वतः बघा.

चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर बिघाड, हे सगळ्यांना कळतं. पण तो मुळीच लागला नाही तर जास्त वाईट, कारण बिघाड लपवायला कुणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्याचंही तसंच. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे त्यानंतरच्या गाडीत हे दिवे असायलाच हवेत. त्याआधीच्या गाडीच्या साध्या मॉडेलमध्ये दोन्ही नसू शकतं. “टॉप मॉडेल आहे” यावर विसंबू नका.

टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर नागपुरी उन्हात तडकलेलं असतं. काचांच्या कोपऱ्यांतल्या खुणाही जुळवून बघा. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक भलत्याच वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा.

ट्रायल घ्यायची ती गुळगुळीत डबल डेकर पुलावर नव्हे. सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी थांबवा आणि मागे कुणी नाही हे बघून नुसत्या हँडब्रेकवर धरा. मागे सरकली तर मागचे ब्रेक बघायला झाले आहेत. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर साधारण ४० च्या वेगाने ब्रेक घट्ट दाबा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेक, टायर किंवा चेसिस यांपैकी कुठेतरी गडबड आहे. दुचाकीला बहुतेक हेच लागू, फक्त तिथे समोरचे फोर्क आणि हँडलजवळची चेसिस बारकाईने बघावी. वाकलेला फोर्क सरळ करून रंगवलेला असतो.

“कंपनीच्या शोरूमची सर्टिफाइड गाडी आहे”

तिथे शे-सव्वाशे मुद्द्यांची तपासणी केल्याचा तक्ता मिळतो आणि फुटपाथवरच्या सौद्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण ती तपासणी विकणाऱ्यानेच केलेली असते. तक्ता हातात घेऊन वॉरंटीत काय बसतं ते वाचा. बहुतेकदा इंजिन आणि गिअरबॉक्स बसतात, ब्रेक पॅड, टायर, सस्पेन्शनचे बुश बाहेर राहतात. डीलर कुणीही असो, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओची नोंदणी घ्यावी लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याचं ऑनलाइन कळवावं लागतं. ते प्रमाणपत्र दुकानात लावलेलं आहे का, बघा. “साहेब, ते प्रोसेसमध्ये आहे,” असं उत्तर आलं तर पैसे प्रोसेस करायची घाई करू नका.

परराज्यातली स्वस्त गाडी

दिल्लीची गाडी तिच्याच वयाच्या नागपूर पासिंगच्या एमएच ३१ किंवा ४९ पेक्षा पुष्कळ कमी भावात मिळते. राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी निर्बंध आले आणि तिथून जुन्या गाड्या बाहेर पडू लागल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), इथला कर आणि इथली नव्याने नोंदणी जमेला धरली की स्वस्ताई विरघळते. शिवाय सर्व्हिस आणि विम्याचे कागद दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडे, आणि तो फोन उचलत नाही.

नाव चढेपर्यंत

सगळं पटलं, पैसे ठरले. आता आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, आरटीओच्या अर्जाला ते ट्रेसिंग लागतंच. आकड्यांच्या आसपास ग्राइंडरच्या खुणा असतील किंवा एखादा आकडा ओळीत बसत नसेल तर तिथूनच परत फिरा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान बाकी आहे का, तेही आधीच बघून घ्या.

विकणाऱ्यालाही सांगून ठेवावं, की गाडी दिली म्हणजे जबाबदारी सुटली असं होत नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्यामुळे ट्रान्सफरची घाई दोघांनाही असायला हवी.

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण नावावर करून घ्यायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. जुन्या मालकाला मिळालेली बोनसची सूट तुम्हाला मिळत नाही, त्या फरकाचे पैसे भरावे लागतात. गाडी ताब्यात घेताना कोऱ्या कागदावर तारीख, वेळ, मीटरवरचे किलोमीटर आणि दोघांच्या सह्या घ्या आणि त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. संध्याकाळी सहाला गाडी तुमची झाली आणि दुपारी तीनचं सिग्नल तोडल्याचं चलान आलं, तर ते कुणी भरायचं हा वाद तो कागद मिटवतो.